कॉलनीतली झाडे जगवायची कशी: कोल्हापुरातल्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या उपनगरातली सुमारे दोन हेक्टरची कॉलनी, मधे 20 गुंठ्यांची खुली जागा, नऊ मीटरचे रस्ते. दोन पावसाळे रोपे लावली, निम्म्याहून जास्त वाळली. मे महिन्यातल्या वळवात कोपऱ्यावरचा जुना सोनमोहर गाड्यांवर कोसळला आणि आता अर्धी कॉलनी म्हणते, झाडेच नकोत. खुल्या जागेत मियावाकी, म्हणजे अगदी दाट लावणीचे छोटे जंगल, करावे का, रस्त्याला काय लावावे, आणि महापालिकेकडे नेमके काय मागावे?

सुरुवात पडलेल्या झाडापासूनच करायला हवी. लोकांचा झाडांवरचा भरवसा त्या दिवशी उडाला आहे, आणि तो परत आल्याशिवाय नव्या रोपाला कोणी बादलीभर पाणी घालणार नाही.

झाड वाऱ्याने पडले असे आपण म्हणतो, पण वारा हे शेवटचे कारण असते. त्याआधीच्या तीन-चार वर्षांत त्या खोडाजवळ काय काय खोदले गेले ते आठवून बघा: ड्रेनेज लाईन, पाण्याची पाईप, केबल, गटारीचे काँक्रीट. झाडाची बहुतेक मुळे वरच्या 60 ते 90 सेंटिमीटर मातीत आडवी पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पुढे जातात. खोडापासून एक-दीड मीटरवर जेसीबीने चर मारला की त्या बाजूची पकड संपली. पाने मात्र हिरवीच राहतात, कारण उरलेली मुळे पाणी पुरवत असतात, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पुढे कापलेल्या टोकांतून बुरशी शिरते, मुळे कुजत जातात, आणि एखाद्या वळवात ओल्या मातीतून झाड मुळासकट उपटून आडवे होते. सोनमोहर, गुलमोहर आणि वर्षावृक्ष यांत हे जास्त दिसते. ही झाडे भराभर वाढतात, वरचा पसारा मोठा होतो, आणि सोनमोहर-गुलमोहराचे लाकूडही ठिसूळ असते.

जपायचे मुळांचे क्षेत्र काढण्याचा साधा हिशेब आहे. जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाचा घेर मोजा. त्याला 3.14 ने भागले की व्यास मिळतो. व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे मुळांचे क्षेत्र. घेर 157 सेंटिमीटर असेल तर व्यास 50, आणि वर्तुळाची त्रिज्या 6 मीटर. नऊ मीटरच्या रस्त्यावर एवढे सगळे वाचणार नाही, हे मान्य. पण खोडापासून तीन मीटरच्या आत मशीन लावायचे नाही, चर हाताने काढायचा, मनगटाएवढ्या जाडीचे मूळ तोडायचे नाही, आणि पाईप त्याच्या खालून बोअर मारून न्यायची. एवढी अट रस्त्याच्या कामात घालून घेतली तरी पुढच्या दहा वर्षांतली बरीच पडझड टळते. खोडाला चिकटून ओतलेले काँक्रीट किंवा पेव्हिंग ब्लॉकही निदान एक मीटर मागे सरकवावे. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत नेमका हाच एक मीटरचा आदेश दिला होता. आपल्याकडे मागणी करताना त्याचा आधार घेता येतो.

उरलेल्या मोठ्या झाडांची पाहणी वर्षातून दोनदा करा: एप्रिलच्या सुरुवातीला, वळवाच्या आधी, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये. बुंध्यापासून सुरू करून वर जायचे. बुंध्याभोवती अर्धवर्तुळाकार भेग पडली आहे का, एका बाजूची माती उचलली गेली आहे का? ही सगळ्यात धोक्याची खूण, त्याच दिवशी कळवावी. बुंध्याला किंवा वर आलेल्या मुळाला कठीण, फळीसारखी अळंबी धरली असेल तर आतले लाकूड कुजते आहे असे समजा. लाकडी हातोडीने खोड ठोकत सभोवार फिरा; भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कोणालाही कळतो. पोकळी असली म्हणजे झाड तोडायलाच हवे असे नाही. सभोवतालचे निरोगी लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून जाड असेल तर झाड बहुधा भार पेलते. त्याहून कमी असेल, किंवा पोकळी एका बाजूने उघडी असेल, तर जाणकाराला दाखवावे. वर बघताना दोन सारख्या जाडीच्या फांद्या अगदी अरुंद कोनात चिकटून निघाल्या आहेत का ते पाहा. अशा बेचक्यात साल आत दुमडली जाते, लाकडाचा सांधा होत नाही, आणि वाऱ्यात झाड तिथेच उभे चिरते. बुंधा कललेला पण शेंडा पुन्हा सरळ झालेला असेल तर तो कल जुना आहे, झाडाने सावरून घेतले आहे. शेंड्यासकट अख्खे झाड एका बाजूला गेले असेल तर कल नवा.

पोकळीत सिमेंट भरू नका. वाऱ्यात खोड वाकते, सिमेंट वाकत नाही. दोघांमध्ये फट पडते, तिच्यात पाणी साचते आणि कूज वाढते. वडाच्या पारंब्या फुटपाथवर अडथळा होतो म्हणून छाटल्या जातात, तेही थांबवा. आडव्या फांदीला पुढे पन्नास वर्षे टेकू देणारी तीच गोष्ट आहे. पोकळ बांबू उभा चिरून, त्यात माती आणि शेणखत भरून पारंबीभोवती बांधला आणि ओलसर ठेवला तर ती हव्या त्या ठिकाणी जमिनीत उतरवता येते.

आता छाटणी. पावसाळ्याआधी तारांखालच्या झाडांची मुंडकी उडवली जातात. शेंडा छाटला की वर्षभरात तिथे पंधरा-वीस धुमारे फुटतात, ते नुसते सालीला धरून असतात, आणि तीन-चार वर्षांनी पहिल्याच वाऱ्यात तुटून तारांवरच पडतात. म्हणजे छाटणीनेच पुढचा धोका तयार केला. बरोबर पद्धत अशी: आख्खी फांदी तिच्या उगमापाशी काढायची, अर्धवट खुंट ठेवायचा नाही. मोठी फांदी तीन कापांत उतरवायची. खोडापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत पहिला काप, त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा, म्हणजे फांदी साल न सोलता तुटून पडते. मग उरलेला खुंट, फांदीच्या मुळाशी जी फुगीर कड असते तिला धक्का न लावता, तिच्या बाहेरून तिसऱ्या कापाने काढायचा. ती कड शाबूत राहिली तर जखम सगळीकडून गोल भरून येते. खोडाला घासून कापले तर येत नाही. डांबर किंवा रंग फासू नका, त्याने बुरशी आतच कोंडते. एका वर्षात पर्णसंभाराच्या चौथ्या भागाहून जास्त काढायचा नाही, आणि भर पावसात छाटायचे नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पण खरी छाटणी झाड लहान असताना होते: दुसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंत दर वर्षी एकदा कातर घेऊन गेलात, एकच मुख्य खोड ठेवलेत आणि खालच्या फांद्या हळूहळू वर घेतल्यात, तर पुढे करवत लागतच नाही.

हे झाले की मोजणी. नळजोडण्यांची नोंद असते, दिव्यांच्या खांबांना नंबर असतात, मग झाडांना का नको? वहीत प्रत्येक झाडाला एक ओळ: क्रमांक, जात, घेर, अंदाजे उंची, खोडाभोवती मोकळी माती किती, वर तार आहे का, दिसलेला दोष, शेवटची छाटणी कधी. क्रमांक रंगाने छोटासा लिहा, खिळा ठोकू नका. मग छत्र, म्हणजे वरून पाहता झाडांच्या पानाफांद्यांनी झाकलेला भाग, किती आहे ते काढा. कॉलनीच्या उपग्रह नकाशाचा प्रिंट घ्या, त्यावर सारख्या अंतराने शंभर ठिपके मारा, त्यातले किती झाडावर पडतात ते मोजा. बारा पडले तर छत्र बारा टक्के. शहरी झाडांचे अभ्यासक सेसिल कोनाइनंडाइक यांनी 2021 मध्ये मांडलेला 3-30-300 हा निकष आता जगभर वापरला जातो: प्रत्येक घरातून तीन मोठी झाडे दिसावीत, वस्तीवर 30 टक्के छत्र असावे, 300 मीटरच्या आत बाग किंवा रान असावे. तुमच्या दोन हेक्टरला 30 टक्के म्हणजे 6,000 चौरस मीटर. आठ मीटर पसाऱ्याचे एक झाड साधारण 50 चौरस मीटर झाकते, म्हणजे पूर्ण वाढलेली 120 झाडे. हजारो रोपांची गरज नाही. एवढी झाडे पन्नास वर्षे उभी राहतील अशी व्यवस्था लागते, आणि सगळा पैसा, पाणी आणि माणसे त्या व्यवस्थेला लावायची आहेत.

मियावाकीचा निर्णय या आकड्यांवरच घ्यावा. अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत दर चौरस मीटरला साधारण तीन रोपे बसतात. 20 गुंठे म्हणजे सुमारे 2,000 चौरस मीटर, म्हणजे 6,000 रोपे. उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज पाच लिटरच्या हिशेबाने 10,000 लिटर, म्हणजे पाच हजारी दोन टँकर, तेही रोज, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे. शिवाय आत कोणाला बसता-फिरता येत नाही. उलट चार मीटर अंतराने लावलीत तर त्याच जागेत 125 झाडे बसतात; झाडाला 20 लिटर आठवड्यातून दोनदा दिले तर आठवड्याला एक टँकर पुरतो. कॉलनीकडे स्वतःची बोअर आणि ठिबक असेल तर एका कडेला दोन-तीन गुंठ्यांचा दाट पट्टा करायला हरकत नाही. रहदारीच्या रस्त्याकडची धूळ आणि आवाज तो चांगला अडवतो. पण एवढी एकच खुली जागा पूर्ण मियावाकीखाली घालवू नये. मुलांनी खेळायचे कुठे आणि म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळी टेकायचे कुठे, याचेही उत्तर त्या जागेतच आहे. रेखांकनातली ही दहा टक्के खुली जागा नियमाने सगळ्यांच्या वापरासाठीच सोडलेली असते.

म्हणून मांडणी अशी करा. दक्षिण आणि पश्चिम कडेला मोठी झाडे, म्हणजे दुपारनंतरची सावली मैदानावर येते. मध्यभाग मोकळा. पाणी जिकडे वाहून जाते त्या कोपऱ्यात दोन-तीन गुंठ्यांचा खोलगट भाग ठेवा, फूटभर खोल, त्यात पावसाचे पाणी दोन दिवस थांबून मुरेल. तिथे अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर लावा. मोठ्या झाडांखाली अडुळसा, निर्गुडी, करवंद, कुडा अशी झुडपे, पण वाटेला आणि फाटकाला लागून नको. संध्याकाळी वाट मोकळी दिसली पाहिजे, नाहीतर बायका-मुली तिकडे फिरकणार नाहीत आणि जागा ओस पडेल.

जात निवडताना एकाच नर्सरीतून मिळतील तेवढे एकाच जातीचे उचलणे ही नेहमीची चूक होते. फ्रँक सँटामूर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1990 मध्ये दिलेला नियम सोपा आहे: एक जात दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, एक प्रजाती (जवळच्या जातींचा गट) वीसपेक्षा, एक कुळ तीसपेक्षा. करंज, बहावा, आपटा, कांचन, पांगारा, पळस, वर्षावृक्ष, गुलमोहर हे सगळे एकाच शेंगावर्गीय कुळातले आहेत, त्यामुळे यादी बघायला रंगीबेरंगी असली तरी तिसाचा आकडा सहज ओलांडला जातो. एक रोग किंवा कीड आली की गल्लीच्या गल्ली रिकामी होते.

रस्त्यावर तारेखाली आपटा, कांचन, पारिजातक. तार नसलेल्या बाजूला कडुनिंब, करंज, बकुळ, तामण, पुत्रंजीवा. बकुळ सावकाश वाढते, पण तिची सावली गर्द असते आणि फांद्या चिवट. कॉलनीने थोडा धीर धरला तर रस्त्यासाठी यापेक्षा चांगले झाड सांगणे कठीण. बहावा आणि तामण एप्रिल-मेमध्ये फुलतात, लोकांचा जीव जडायला तेवढे पुरते. जांभूळ रस्त्यावर लावू नका. जूनमध्ये फळांचा चिखल होऊन दुचाक्या घसरतात. सप्तपर्णी आधीच फार झाली आहे, आणि हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या फुलांचा उग्र वास अनेकांना सोसत नाही. वड, पिंपळ, नांद्रुक, उंबर शहराला हवेतच, पण इमारत, टाकी आणि पाईपलाईनपासून दहा-बारा मीटर लांब. चौकापासून आठ-दहा मीटर झाडाविना ठेवा, दिव्याच्या खांबापासून पाच, ड्रेनेजच्या चेंबरपासून दोन.

पेठांमध्ये हे काहीच बसत नाही, गल्ल्याच तेवढ्या रुंद नाहीत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या भागात तालमीचे अंगण, शाळेचे मैदान, देवळाचे आवार, जुन्या विहिरीचा परिसर अशा मोजक्या जागा हेरून तिथे एकेक मोठे झाड पूर्ण वाढेल एवढी माती मोकळी ठेवणे, हाच मार्ग. तालीम मंडळांकडे माणसे आहेत आणि रोज सकाळी ती जागेवर असतात. झाडाला याहून चांगला राखणदार मिळत नाही.

आता तुमची रोपे का मेली, त्याकडे येऊ. कोल्हापुरात दोन प्रकारची जमीन आहे आणि दोन्हीत रोप वेगवेगळ्या कारणाने मरते. नदीकडच्या काळ्या मातीत खड्डा म्हणजे बंद हौद. जुलैत पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही, रोप पिवळे पडून मरते आणि आपण म्हणतो पाणी कमी पडले. टेंबलाई टेकडी, सागरमाळ या बाजूच्या मुरमात उलट: पावसाळ्यात रोप झकास दिसते आणि फेब्रुवारीत वाळते, कारण गुळगुळीत कापलेल्या मुरमाच्या भिंतीतून मुळे बाहेर गेलेलीच नसतात. तुमची जमीन कोणती, ते कळायला एक खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरे पाणी चोवीस तासांनीही उभे असेल तर निचरा नाही. अर्ध्या तासात गायब झाले तर माती पाणी धरत नाही. कॉलन्यांमध्ये तिसरा प्रकारही सापडतो: वर चार बोटे तांबडी माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा. तो पूर्ण काढावा लागतो, दुसरा इलाज नाही.

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्या. चांगल्या मातीत 60 सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोली पुरते, मुरमात 90 करा आणि भिंती पहारीने खरवडून फोडा. भरायला चार भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत. जास्त खत घातले की ते पुढे कुजून खाली बसते आणि रोप खड्ड्यात जाते. आणि खत पूर्ण कुजलेलेच हवे. ऊस करणाऱ्याला हुमणी, म्हणजे मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी, सांगायला नको: वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि शेणखत असलेल्या मातीत अंडी घालतात. अर्धवट कुजलेले खत मेमध्येच खड्ड्यात टाकून ठेवले तर ऑगस्टमध्ये रोप हलक्या हाताने उपटून येते, खाली मूळच नसते. खत लावणीच्या वेळीच मिसळा.

रोप माणसाच्या उंचीचे घ्या, पण आधाराशिवाय उभे राहणारे. शेंडा उंच आणि खोड पेन्सिलीएवढे असेल तर ते पिशवीत फार दिवस कोंडलेले असते. एखादी पिशवी फाडून दाखवायला सांगा. तळाशी मुळांची गुंडाळी झाली असेल तर तो सगळा लॉट नाकारा. गोल फिरलेली मुळे पुढे जाड होऊन खोडालाच आवळतात, आणि झाड दहाव्या-पंधराव्या वर्षी उभ्या उभ्या मरते. लावताना पिशवी पूर्ण काढा, बाजूने तीन-चार उभे काप देऊन फिरलेली मुळे मोकळी करा. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो सांधा जमिनीच्या पातळीला यायला हवा. तो दोन इंच जरी पुरला गेला तरी साल कुजते. काळ्या मातीत याच्याही वर, फूटभर उंचवट्यावर लावा. वेळ: जमीन वीतभर खोल भिजल्यावर, मध्य जून ते मध्य जुलै. आधार दोन बांबूंचा, मुळांच्या गोळ्याबाहेर रोवलेला, बांधायला काथ्या, सैल आठच्या आकड्यात. नायलॉन दोरी आणि तार नको. दीड वर्षाने बांबू काढून टाका. हलले तरच खोड जाड होते. लोखंडी ट्री-गार्ड गाईंपासून वाचवतो, पण खोड कड्याला टेकण्याआधी तो काढायचा असतो. शहरात फिरताना खालचे कडे अर्धे सालीत रुतलेले, वरून सालीची जाड घडी आलेली आणि त्यावर अजून देणगीदाराची पाटी तशीच, असे झाड हमखास दिसते. तारीख वहीत लिहा: चौथ्या वर्षी गार्ड काढणे.

पावसाळ्यात आळे करू नका, माती खोडाकडून बाहेर उतरती ठेवा. सप्टेंबर संपला की मीटरभर व्यासाचे आळे करा आणि त्यात चार बोटे जाड आच्छादन घाला. यासाठी आपल्याकडे उसाचे पाचट आहे, शेतकरी ते पेटवून देतात. हंगामात ट्रॉलीभर आणून ठेवा. खोडापासून चार बोटे लांब ठेवायचे, नाहीतर साल ओली राहते आणि वाळवी चढते. रस्त्याच्या कडेला वाळके पाचट पेट घेऊ शकते, तिथे वरून थोडी माती टाका. पाणी पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा 20 लिटर, दुसऱ्यात आठवड्याला एकदा 40, तिसऱ्यात पंधरा दिवसांतून एकदा 60. रोज तांब्याभर पाणी घालणे हे सगळ्यात वाईट; वरची दोन बोटे भिजतात, मुळे वरच राहतात. टँकरसाठी पिण्याचे पाणी वापरायची गरज नाही. कसबा बावडा आणि दुधाळी इथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत, प्रक्रिया केलेले पाणी झाडांसाठी मिळावे हा अर्ज जरूर करा.

पानगळीचा प्रश्न हलका समजू नका. झाडे नको म्हणणाऱ्यांची खरी तक्रार बहुधा तीच असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला गोळा करून खुल्या जागेच्या कोपऱ्यात दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, दोन फूट खोल अशा दोन खड्ड्यांत थर द्या, मधे मधे शेणकाला आणि पाणी; वर्षभरात खत होते. जाळू नका. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात गटारीच्या जाळ्या साफ करा. पहिल्या वळवात पाला जाळीवर बसून रस्त्यावर पाणी साचते आणि दोष झाडावर येतो.

तुमची कॉलनी टेकडीच्या पायथ्याशी किंवा नदीकडे असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. टेकडीवर नुसते खड्डे काढून उपयोग नाही, आधी उतार अडवून सलग समतल चर काढा, दोन फूट रुंद, एक फूट खोल, माती खालच्या बाजूला, आणि रोप त्या बांधावर लावा. जानेवारी संपायच्या आत सभोवार तीन मीटरची जाळरेषा गवत काढून स्वच्छ ठेवा. माळावरची रोपे उन्हाने मरतात त्याहून जास्त वणव्याने मरतात.

नदीकडे, रमणमळा, सुतारवाडा, दुधाळी अशा भागात, पुराचा विचार करूनच लावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. अशा पुरात बरेच दिवस बुडून टिकणारी झाडे म्हणजे वाळुंज, करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ. रोपे दोन मीटरहून उंच घ्या, नाहीतर शेंडाही गाळात जातो. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा पुराचे पाणी पोहोचते त्या हद्दीच्या, आत भराव घालून उंचवटे करायचे नाहीत, दाट झुडपांची भिंतही उभी करायची नाही. पाण्याला वाट हवी. पूर ओसरल्यावर आठवड्याच्या आत बुंध्याभोवतीचा गाळ मूळ पातळीपर्यंत काढा आणि पानांवरचा गाळ पाण्याने धुवा. वीतभर गाळही खोडाशी तसाच राहिला तर पुरातून वाचलेले रोप दिवाळीपर्यंत मरते.

महापालिकेकडे जाताना कायदा माहीत असावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 प्रमाणे वृक्ष प्राधिकरण असते आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे हे त्याचे काम आहे. झाड तोडणे या व्याख्येत जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते, त्यामुळे बुंध्याशी पाला पेटवणे हाही गुन्हाच. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला आणि असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. म्हणून तुमच्या वहीतल्या मोठ्या झाडांच्या वयाचा पुरावा आत्ताच जमवा: जुने फोटो, रेखांकनाचा नकाशा, वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन. रुंदीकरणाची नोटीस आल्यावर हे जमवायला वेळ मिळत नाही.

'वृक्षारोपण करा' असा अर्ज देऊ नका. चार नेमक्या गोष्टी मागा: आमच्या वॉर्डच्या वृक्षगणनेची प्रत, धोकादायक झाडांची एप्रिलमध्ये संयुक्त पाहणी, प्रत्येक खोदकामाच्या परवान्यात मुळे जपण्याची अट, आणि लावणीच्या निविदेत तीन वर्षांची देखभाल. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. ठेकेदाराला लावणीनंतर तीस टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नये. बाकीची रक्कम पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मे अखेरीला जिवंत रोपे मोजून द्यावी, आणि मोजताना कॉलनीचा माणूस हजर असावा. मोजणी ऑगस्टमध्ये ठेवली तर सगळीच रोपे हिरवी दिसतात, म्हणून महिना मेच लिहून घ्या. कॉलनीच्या स्वतःच्या वर्गणीलाही हाच हिशेब लावा: शंभर रुपयांतले वीस रोप आणि खड्ड्यावर, पन्नास तीन उन्हाळ्यांच्या पाण्यावर, उरलेले तीस जुन्या झाडांच्या पाहणी-छाटणीवर. या वर्षी पैसे कमी पडले तर रोपे कमी करा, पाणी आणि पाहणी कमी करू नका.